मावशीचं अप्रिसिएशन लेटर

मराठीत 'अप्रिशिएट' हा शब्द कुणी आणला ते मला माहीत नाही, पण तो राहतो कुठे ते नीट माहीत आहे. तो टेबलाच्या पलीकडे राहतो. गेली पाच वर्षं मी टेबलाच्या अलीकडे उभी राहून तो ऐकते आहे. 'तुमची तळमळ मी अप्रिशिएट करतो, पण हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही.' 'तुम्ही तरुण मुलं एवढं करता, खरंच अप्रिशिएट करण्यासारखं आहे, पण निवेदन खाली आवक-जावकला द्या.' एका साहेबांनी तर आमच्या निवेदनातली भाषा अप्रिशिएट केली तेव्हा पाकीट अजून बंद होतं. मी ते तिथेच त्यांना दाखवलं, तर म्हणाले, 'तुमचा स्पष्टपणाही अप्रिशिएट करतो.'

तेव्हा या शब्दावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण त्या रागाच्या भरात मी एका बाईचं नुकसान केलं, आणि ते भरून काढता काढता मला चांगलं बोलणं म्हणजे काय ते पहिल्यांदा शिकावं लागलं.

मी वाढले नाशिक रोडला, आमच्या बौद्ध कॉलनीत. वडील अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. आमच्या घरात तोंडावर कौतुक करायची पद्धत नव्हती. आईची भाजी कितीही चांगली झाली तरी वडील म्हणणार, 'मीठ बरोबर आहे.' मी बारावीला पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा त्यांनी निकालाचा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, मागची बाजू कोरी होती तरी, आणि 'बरं' म्हणून चपला घालून बाहेर पडले. अर्ध्या तासाने शेजारच्या काकू पेढे मागायला आल्या तेव्हा कळलं, की त्यांनी चार घरी जाऊन सांगितलं होतं. मला सांगायचं तेवढं राहिलं होतं. पुढे कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी माझ्या निबंधाखाली लाल शाईने लिहिलं, 'एफर्ट्स अप्रिशिएटेड', आणि दहापैकी चार दिले. घरात शब्द नाही पण पेढे आहेत, बाहेर शब्द आहे पण मार्क नाहीत. माझं मत तेव्हाच बनलं.

कॉलेज संपल्यावर मी मजुरांच्या एका लहान संघटनेत गेले. लहान म्हणजे खरंच लहान. एक खोली, पाच-सहा माणसं, आणि खालचा झेरॉक्सवाला, जो आमच्या घोषणा आमच्या आधी वाचायचा. माझ्याकडे पत्रकं लिहायचं काम आलं. पत्रक लिहिणं ही कारागिरी आहे, भले कुणी तिला साहित्य म्हणो न म्हणो. सकाळी हातात डबा घेऊन नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला पहिल्याच ओळीत थांबवावं लागतं, कारण दुसऱ्या ओळीपर्यंत त्याची गाडी येते. मागण्या तीनच ठेवायच्या. विशेषणं वापरायची ती फक्त समोरच्या पक्षासाठी. आणि सगळं 'आम्ही' लावून लिहायचं.

या 'आम्ही'ला आमच्याकडे एक अट होती. पत्रक ज्यांच्या नावाने निघणार त्यांना ते छापण्याआधी नाक्यावर मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यांनी हो म्हटलं तरच छापायचं. वेळखाऊ रीत होती, पण तिच्यामुळे आमची पत्रकं खोटी वाजत नसत. मी एकदा लिहिलं होतं, 'आम्ही पिचलेल्या, शोषित महिला.' पिंपळगावच्या नाक्यावर मी ते वाचत असताना एक बाई मध्येच म्हणाली, "थांब. पिचलेल्या कोण?"

"तुम्हीच, मावशी. म्हणजे आपण. म्हणजे व्यवस्थेनं…"

"बांगडी पिचती. बाई नाय पिचत. काढ ते."

मी काढलं. हीच ती मावशी. तिच्याबद्दलच मी लिहिते आहे.

मावशी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण चौथी, आणि सतरा बायकांच्या टोळीची मुकादम. आपल्या बायकांशी ती त्यांच्या डोंगराकडच्या बोलीत बोलायची, माझ्याशी मला कळेल असं. दर हंगामात ही टोळी पिंपळगाव, दिंडोरीच्या द्राक्षबागांत उतरायची. तिचं खास काम विरळणीचं. घडातले जास्तीचे मणी आणि पाकळ्या, म्हणजे घडाला फुटलेल्या बारक्या फांद्या, बारीक कात्रीने काढून टाकायच्या, म्हणजे राहिलेले मणी नीट फुगतात आणि माल परदेशी जायच्या लायकीचा होतो. वेल मांडवावर चढवलेली असते, घड डोक्यावर लोंबतात. म्हणजे दिवसभर मान वर, हात वर. संध्याकाळी या बायका चहाचा कप उचलताना तो दोन्ही हातांनी उचलतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती त्यांची लकब वाटली होती.

बागेत जायचं ते पिकअपमधून, उभं राहून. वीस-वीस बायका मागे उभ्या, हायवेवरून. यावर आमची मोहीम चालू होती. पिकअपला बसायची सोय करा, नाहीतर बस लावा, एवढीच मागणी. उत्तरं वर लिहिली आहेत तशीच मिळत होती.

द्राक्षं पॅक करून परदेशी पाठवणाऱ्या तिकडच्या एका पॅकहाऊसवाल्या कंपनीने आदल्या वर्षापासून एक नवीन प्रकार सुरू केला होता. अप्रिसिएशन डे. हंगामाच्या तोंडाला टोळ्यांना शेडमध्ये बोलवायचं, मंडपातल्या लाल खुर्च्यांवर बसवायचं, भाषण करायचं आणि प्रत्येक मुकादमाला काचेच्या फ्रेममधलं इंग्रजी सर्टिफिकेट आणि एक स्टीलचा डबा द्यायचा. आदल्या वर्षी मी फाटकाबाहेर उभी राहून पाहिलं होतं. कार्यक्रम संपला, बायका परत पिकअपमध्ये चढल्या. एका हातात काचेची फ्रेम, दुसऱ्या हातात पिकअपचा दांडा. खड्डा आला की फ्रेम सांभाळू की स्वतःला सांभाळू, असा प्रश्न. ते चित्र माझ्या डोक्यात वर्षभर राहिलं.

या वर्षी कार्यक्रमाची तारीख चार दिवसांवर आली तेव्हा मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. पहिली ओळ अशी होती: 'आम्हाला अप्रिशिएट करू नका, आम्हाला बसवून न्या.' पुढे, 'काचेची फ्रेम आम्हाला नको. तुमची शाबासकी तुमच्या ऑफिसात टांगा.' आजवर मी लिहिलेल्या पत्रकांत ते सर्वांत चांगलं होतं. आजही वाचलं तर मला एक शब्द बदलावासा वाटत नाही, आणि हेच वाईट आहे.

ते वाचून दाखवायचं राहिलं. मावशीची टोळी भाताच्या झोडणीसाठी पाड्यावर गेली होती, तिथे फोन लागत नव्हता. मी म्हटलं, मावशी काय वेगळं म्हणणार आहे? पिकअपवर ती माझ्यापेक्षा जास्त चिडते. मी खाली जाऊन छापायला दिलं.

पत्रक चाललं. नाक्यावर चाललं, त्याहून जास्त मोबाइलवर चाललं. कुणीतरी ते कंपनीच्या परदेशी गिऱ्हाइकाच्या इथल्या माणसाला पाठवलं म्हणे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फाटकावर कागद लागला, 'काही अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द.' आमच्या खोलीत त्या दिवशी झेरॉक्सवाल्याने स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

तीन दिवसांनी मावशी नाक्यावर दिसली. लांबूनच हाक मारली.

"ए पत्रकवाली. इकडं ये."

"मावशी! कार्यक्रम बंद पाडला आपण!"

"आपण म्हंजी कोण कोण?"

मी हसले. ती हसली नाही. तिने कमरेच्या पिशवीतून पत्रकाची चौपदरी घडी काढली. "हे 'आम्ही' लिव्हलंय. ह्याच्यात मी हाय का?"

"मावशी, तुम्हीच तर म्हणता की पिकअपचं…"

"पिकअपचं म्हनते. फ्रेम नको असं कवा म्हनले?"

आणि मग जे मला आधी विचारायला हवं होतं ते तिने सांगितलं. तिचा उजवा खांदा गेला होता. दोन हंगाम ती लपवत होती. नाक्यावरच तिने हात वर करून दाखवला. तो कानापर्यंत आला आणि थांबला. तिथून पुढे ती दात दाबून नेत होती तरी जात नव्हता. "मांडव वर, घड वर, आन हात इथं. ह्या साली कशीबशी निघंल. पुढल्या साली मला कोन नेईल?"

शहराबाहेर द्राक्षकामाचं शिक्षण देणारी एक संस्था आहे. तिथे नव्या मुलींना विरळणी शिकवायला एक अनुभवी बाई हवी होती. खाली उभं राहून शिकवायचं, हात वर करायचे ते मुलींनी. मावशीला ते टोळीतल्या एकीच्या जावयाकडून कळलं होतं. पण संस्थेला कागद हवा होता. कुठे, किती वर्षं, कसलं काम केलं याचा. तीस वर्षं बागेत काढलेल्या बाईकडे असा एकही कागद नसतो. तिने मग कंपनीच्या फील्ड ऑफिसरला गाठलं आणि सांगितलं, मला डबा देऊ नका, पण सर्टिफिकेटावर माझं काम आणि वर्षं लिहा. त्याने तसं टाइप करून घेतलं होतं.

"चौथी शिकल्याली बाई. मला कागद देनारा एक मानूस मिळाला हुता. त्याला तू पळवून लावला."

माझ्या तोंडातून जे निघालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "मावशी, प्रश्न एका कागदाचा नाही. तत्त्वाचा आहे."

"तुझ्या तत्त्वाचा खांदा दुखतो का?"

तेवढ्यात तिची गाडी आली. सतरा बायका चढल्या. ती शेवटी चढली, डाव्या हाताने दांडा धरून. अर्ज द्यायला आठ दिवस उरले होते.

मी दुसऱ्या दिवशी त्या फील्ड ऑफिसरकडे गेले. माणूस वाईट नव्हता. त्याने कपाट उघडून खोकं दाखवलं. फ्रेमा त्यातच होत्या, मावशीचीही. तिच्यावर सही नव्हती.

"तुम्ही सही करा ना," मी म्हटलं.

"मॅडम, पर्सनली मी तुमचं काम अप्रिशिएट करतो. पण आता वरून सांगितलंय, कुठल्याही टोळीला काही लेखी द्यायचं नाही. उद्या तुम्ही तेच छापाल."

मी छापणार नाही असं म्हणू शकले नाही, कारण मी छापलं असतं.

मग मी संस्थेत फोन केला. तिथल्या कारकुनाने सांगितलं की कंपनीचाच कागद पाहिजे असं काही नाही. ज्यांच्या बागेत काम केलं अशा दोन बागायतदारांची पत्रं चालतील. इंग्रजीत असतील तर बरं, सर इंग्रजीत बघतात. "अप्रिसिएशन लेटर म्हणा ना, त्या टाइपचं."

मावशीला विचारलं. तिने दोन बागा सांगितल्या. "पन तू जा. मला मागायला लाज वाटते. तू मोडलंय, तू जोड."

पहिला बागायतदार साठीचा, पिंपळगावच्या अलीकडचा. मी पडवीत बसले. मावशीचं नाव काढल्यावर तो म्हणाला, "तिची टोळी असली की मी बागेत जात नाही."

माझा पारा चढायला लागला. म्हणजे बायका उन्हात राबणार आणि हा घरात. म्हटलं, "म्हणजे तुम्ही बघत पण नाही काम कसं चाललंय?"

"नाही बघत."

"का?"

"ताई, तुम्ही शहरातल्या. दुसरी टोळी असली की मला दिवसभर वेलीमागून वेल फिरावं लागतं. एखादी घाईत घडाचा शेंडा जास्त मारते, एखादी पाकळ्याच ठेवत नाही. घड एकदा कापला की परत लावता येत नाही. ही बाई असली की मी पिंपळगावला जाऊन दाढी करून येतो. एवढ्या वर्षांत मला बागेत जायचं काम पडलं नाही."

मी म्हटलं, "हे तुम्ही तिला कधी सांगितलंय?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बायकोवर प्रेम आहे हे तिला कधी सांगितलंय का, असं मी विचारलंय. "सांगायचं काय त्यात? मी जात नाही हे तिला दिसतं की."

त्याच्या सुनेने आतून चहा आणला आणि जाता जाता म्हणाली, "दादांनी आम्हाला पण कधी चांगलं म्हटलेलं नाही हो. जेवण चांगलं झालं की फक्त ताट लवकर रिकामं होतं." सगळे हसले, तोही. त्याने कोऱ्या कागदावर खाली सही करून दिली. "वर तुम्ही लिहा. तुम्हाला लिहिता येतं. पत्रक वाचलं मी तुमचं. चांगलं होतं." आणि पेन खिशाला लावत, "तिखट होतं."

दुसरा बागायतदार सही द्यायला तयार नव्हता. "सही म्हणजे उद्या पत्रकात येणार, की बघा ह्यानं बाईला राबवलं. नको बाई." त्याचा मुलगा मात्र उत्साही. त्याने मोबाइलवर मिनिटभरात एक नमुना काढून दाखवला. त्यात डेडिकेशन, कमिटमेंट, पॅशन सगळं होतं. आणि तीनदा अप्रिशिएट. म्हणाला, "नाव टाका फक्त." मी वाचलं. ते पत्र कुणालाही चाललं असतं. बँकेच्या मॅनेजरला, पोहण्याच्या मास्तराला, कुत्र्याला. मी मोबाइल परत दिला आणि बापाला विचारलं, "काका, सही नंतर बघू. तुमच्या बागेत ती वेगळं काय करते, एवढंच सांगा." तो सांगत गेला, मी लिहीत गेले. शेवटी त्याने माझी वही ओढून घेतली, सगळं दोनदा वाचलं, आणि "एवढंच लिहिणार असाल तर देतो" म्हणून त्यानेही कोऱ्या कागदाखाली सही केली.

खोलीवर येऊन मी लिहायला बसले आणि मला लिहिता येईना. विरोधासाठी माझ्याकडे निषेध होता, धिक्कार होता, जाब होता. एखाद्या माणसाचं चांगलं सांगायला क्रियापदच सापडेना. 'कौतुक करते' लिहावं, तर कौतुक मोठ्यांनी लहानांचं करायचं. पंचविशीची मी पन्नाशीच्या बाईचं कौतुक करते म्हणजे तिच्या गालाला हात लावण्यासारखं. 'स्तुती' म्हटली की समोरच्याला वाटतं काहीतरी काम काढायचंय. 'तारीफ' गाण्याची, बिर्याणीची. शाबासकीला पाठ आणि हात लागतो. 'गौरव' स्टेजवर होतो आणि त्याला हार लागतो. 'वाखाणणी' माझ्या आजूबाजूला कुणी बोलताना वापरलेली मी ऐकली नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की लोक 'अप्रिशिएट' का म्हणतात. त्याला मान-पान लागत नाही. साहेब शिपायाला म्हणू शकतो, शिपाई साहेबाला, मुलगी बापाला. कुणी लहान होत नाही, कुणी मोठं होत नाही. आमच्या भाषेत ती जागा मोकळी होती म्हणून तो तिथे येऊन बसला. त्याचा एवढा राग करायचं कारण नव्हतं. पण म्हणूनच तो स्वस्तही झाला. म्हणणाऱ्याने काही पाहिलेलं असलंच पाहिजे अशी त्याची अटच नाही. माझं बंद पाकीट त्यातच बसत होतं.

शेवटी मी मराठीत दोन पानं लिहिली. खूप चांगली लिहिली असं मला वाटलं. 'अथक परिश्रम', 'निसर्गाशी नातं', 'डोंगरकपारीतली प्रज्ञा.' दुसऱ्या दिवशी नाक्यावर मावशीला वाचून दाखवली. या वेळी टोळीतल्या बायकाही भोवती उभ्या होत्या.

"डोंगरकपारीतली काय?" एकीने विचारलं.

"प्रज्ञा. म्हणजे अक्कल."

"मंग अक्कल म्हन की. आन डोंगरातली कशाला? हिची अक्कल बागंतली हाय."

दुसरी म्हणाली, "ही कुनाची गोष्ट वाचतीय? मावशी, तू मेलीस का?"

बायका फिदीफिदी हसायला लागल्या. खरंच, ते श्रद्धांजलीसारखं झालं होतं. मावशीने हसू दिलं आणि मग म्हणाली, "पोरी, एक सांग. मी चांगली बाई हाय का वाईट, ते संस्थेला काय करायचं? त्यांना घड बघायचाय. काय करते ते लिव्ह."

"ते लिहिलंय ना, अथक परिश्रम…"

"परिश्रम तर गाढव बी करतं. काढ."

तिथेच पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून आम्ही ते पुन्हा लिहिलं. ती सांगायची, मी लिहायची, बायका दुरुस्त करायच्या. टोळीत आलेल्या नव्या मुलीला पहिले दोन दिवस कात्री देत नाही, नुसतं खाली पडलेलं वेचायला लावते, म्हणजे काय कापलं जातं ते तिला कळतं. घडाच्या आकारावरून किती पाकळ्या ठेवायच्या ते ठरवते, सगळ्या घडांना एकच माप लावत नाही. कात्रीचं टोक बोथट झालं की काम थांबवते, मालक ओरडला तरी. डोक्याला फडकं बांधल्याशिवाय कुणाला मांडवाखाली जाऊ देत नाही. आणि पहिल्या बागायतदाराच्या तोंडचं, त्याच्याच शब्दांत: 'ही टोळी असते तेव्हा मी बागेत जात नाही.'

हे शेवटचं वाक्य मी वाचलं तेव्हा मावशीने मला थांबवलं. "असं म्हनला त्यो?"

"हो."

"कागदावर लिव्हायला हो म्हनला?"

"हा बघा, कोऱ्या कागदावर सहीच दिलीय."

तिने तो कोरा कागद हातात घेतला, सही जिथे होती तिथे बोट ठेवलं, आणि शेजारणीला डोंगराकडच्या बोलीत काहीतरी म्हणाली. ती शेजारीण मला म्हणाली, "ती म्हनते, मला वाटायचं त्याला बागंत यायचा कंटाळा हाय."

दोन पानांचं अर्धं पान झालं. त्यातून दोन बागायतदारांची दोन पत्रं केली. त्या सह्यांच्या वर ती इंग्रजीत उतरवताना मी एकदाही अप्रिशिएट लिहिलं नाही. रागाने नव्हे. त्याला ठेवायला जागाच उरली नव्हती.

संस्थेत जायच्या दिवशी आम्ही बसने गेलो. वाटेत ती म्हणाली, "पिकअपचं पत्रक परत काढ. फ्रेमचं काढून टाक, बसायचं तेवढं ठेव. आन मी पाड्यावर असंल तर थांब. चार दिवस थांबल्यानं पिकअप कुठं पळून जात नाय." माझ्यावरचा राग गेला का, असं मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

तिथल्या सरांनी चष्मा वर करून दोन्ही पत्रं वाचली. अर्धं-अर्धं पान, वेळ लागला नाही. "यात अप्रिसिएशन कुठे आहे? हे तर नुसतं कामाचं वर्णन आहे."

मी तोंड उघडणार होते. मला अशा वेळी नेहमी तोंड उघडायचं असतं. मावशीने माझ्या मनगटावर हात ठेवला. "सर, तेच काम हाय. बाग कुठंय?"

संस्थेच्या मागे शिकवण्यासाठी लावलेल्या चार ओळी होत्या. घड विरळणीला आलेले, मणी हिरवे, ज्वारीच्या दाण्याएवढे. कोर्सच्या दोन मुली कात्र्या घेऊन उभ्या होत्या. सर म्हणाले, "एक घड करून दाखवा."

मावशीने मांडवाकडे पाहिलं. मी तिच्या खांद्याकडे पाहिलं. हात कानापाशी थांबणार होता आणि ते त्यांना दिसणार होतं. कात्री तिच्यासमोर धरलेली होती. तिने ती घेतली, टोकावरून अंगठा फिरवला आणि मुलीला परत दिली.

"मी करून दाखवला तर मला येतं एवढंच कळंल. ह्यांना येतं का ते बघू." आणि मुलींकडे वळून, "आधी डोक्याला फडकं बांधा. केस घडाला लागतात. ओढनी चालंल."

मुलींनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. ओढण्या बांधल्या गेल्या.

"घड धरू नको, देठ धर. हां. वरच्या पाकळ्या मोज. चार? त्या ऱ्हाऊ दे. त्याच्या खालची एक काढ. घाई नाय. आता फिरव. तुझ्याकडची बाजू सगळ्यांना दिसती, मागची बघ. दाट हाय ना? तिथं मनी गुदमरतात. आतले काढ, भायेरचे नको." दुसरीला, "तू थांब. तुझा घड लहान हाय. हिच्यासारखं करू नको. शेंडा थोडा मार. थोडा म्हनले. हां, बस. हात खाली घे. दर घडानंतर हात खाली घ्यायचा. मी नाय घेतला, तुम्ही घ्या."

अर्धा तास असं चाललं. मावशी खाली उभी, दोन्ही हात पाठीमागे. सर आधी घड्याळ बघत होते, मग बघायचे थांबले. मुलींनी सहा घड केले. सहावा त्यांनी तिला न विचारता केला. तिने तो सगळीकडून पाहिला आणि पुढच्या वेलीकडे चालायला लागली. त्या दोघी घाबरून सरांकडे बघायला लागल्या. बागेत न जाणाऱ्या त्या बागायतदारासारखंच हे होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते तिच्याकडूनच कळायला हवं होतं.

सर तिच्याजवळ आले. "मावशी, खरंच सांगतो, वी रिअली अप्रिशिएट. असं शिकवताना मी फार कमी लोकांना…"

"बरं," मावशी म्हणाली. "मंग येऊ कवा?"

सरांचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं. त्यांनी हातातल्या पत्रांकडे पाहिलं, मग त्या सहा घडांकडे.

"सोमवारी या. बॅच नऊला सुरू होते."

"नवाला ऊन चढतं. पोरींच्या डोळ्यावर येतं, वर बघवत नाय. सातला ठेवा."

"सातला मुलींना शहरातून यायला जमणार नाही."

"मंग साडेसात."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, सोमवार, साडेसात.